श्यानता मोजायला शिका: एक सिरिंज, चार छर्रे आणि थर्मामीटर

एरंडेल तेलाची श्यानता, म्हणजेच विस्कॉसिटी, २० अंश सेल्सियसला सुमारे ९८५ मिलिपास्कल-सेकंद असते. तेच तेल ३० अंशांवर आलं की हा आकडा ४५० होतो आणि ४० अंशांवर २३०. तेल बदललं नाही, बाटलीही तीच. जानेवारीत पुण्यातल्या खोलीत ठेवलेली आणि मे महिन्यात नागपुरातल्या खोलीत ठेवलेली, एवढाच काय तो फरक. त्यामुळे "एरंडेलाची श्यानता किती?" या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. श्यानतेचा आकडा लिहिताना शेजारी तापमान लिहिलं नसेल, तर तो आकडा कुणाच्याही कामाचा नाही. काही द्रवांच्या बाबतीत तर तापमानही पुरत नाही. द्रव किती जोरानं हलवला होता, हेसुद्धा लिहावं लागतं. खाली दिलेल्या सगळ्या कृती हीच सवय लावण्यासाठी आहेत.

आधी थोडी समज

द्रव वाहतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकत असतात. नळीच्या भिंतीला लागलेला थर जवळपास जागचा हलत नाही आणि मधोमध असलेला सगळ्यांत वेगानं जातो. शेजारच्या थरांच्या वेगांमधला हा फरक टिकवून धरायला बल लावावं लागतं. जितकं जास्त बल लागेल, तितकी श्यानता जास्त. हे बल आणि थरांमधल्या वेगाचा फरक एकाच प्रमाणात वाढतात, अशी कल्पना न्यूटननं १६८७ च्या आपल्या ग्रंथात मांडली. पाणी, खाद्यतेल, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे द्रव ती पाळतात, म्हणून त्यांना न्यूटनीय म्हणतात. टोमॅटो केचप, रंग, दही, टूथपेस्ट पाळत नाहीत. त्यांच्याकडे नंतर वळू.

एकक पास्कल-सेकंद. ते रोजच्या द्रवांसाठी फार मोठं पडतं, म्हणून त्याचा हजारावा भाग, मिलिपास्कल-सेकंद, वापरतात. कारखान्यांत आणि रंगाच्या डब्यांवर 'सेंटिपॉइज' दिसेल. दोन्ही एकच, आकडा बदलावा लागत नाही. पॉइज हे नाव ज्याँ पॉइसय या फ्रेंच डॉक्टरवरून आलं. रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं हे समजून घ्यायला त्यानं काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं केली होती.

अंदाज बसावा म्हणून काही आकडे. खोलीतली हवा ०.०१८. पाणी २० अंशांना १.०, ३० ला ०.८० आणि उकळत्या बिंदूशी ०.२८. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल ३० अंशांच्या आसपास साधारण ५०. शुद्ध ग्लिसरीन २० अंशांना सुमारे १,४००. मध बहुधा २,००० ते १०,००० च्या दरम्यान, त्यातल्या पाण्याच्या प्रमाणानुसार. दुसऱ्या टोकाला डांबरासारखा पिच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये तो तापवून नरसाळ्यात ओतला, १९३० मध्ये नरसाळ्याची खालची तोटी कापून मोकळी केली, आणि २०१४ पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले. त्यावरून त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट निघाली. हातोडीनं मारलं तर हाच पिच काचेसारखा फुटतो.

नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो तो घनता आणि श्यानता यांत. जड द्रव म्हणजे सावकाश वाहणारा द्रव, असं नाही. गोडेतेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं आहे, पण त्याची श्यानता पाण्याच्या पन्नास-साठ पट. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, पण श्यानता जेमतेम दीडपट. वजनकाटा श्यानता सांगत नाही.

तापवल्यावर द्रव पातळ का होतो? द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात. सरकायचं तर शेजाऱ्याची पकड सोडवावी लागते आणि उष्णता ते काम सोपं करते. वायूंमध्ये उलटं घडतं. तिथे पकड नसतेच, थरांमधून ये-जा करणारे रेणू वेग इकडून तिकडे नेतात आणि तापमान वाढलं की ही ये-जा वाढते. म्हणून गरम हवा थंड हवेपेक्षा किंचित जास्त श्यान असते.

सामान

एक दशांश अंशापर्यंत वाचता येईल असं डिजिटल थर्मामीटर. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. सुई नसलेल्या २० मिलिलिटरच्या दोन-तीन सिरिंज. काचेचा सपाट तुकडा किंवा गुळगुळीत टाइल, किमान ३० सेंटिमीटर लांब. ५०० मिलिलिटर किंवा एक लिटरचा पारदर्शक मोजपात्राचा उभा सिलिंडर. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून छर्रे, दोन मापांचे: १/८ इंच म्हणजे ३.१८ मिमी आणि ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी. ५/३२ चे पेडलमध्ये असतात, त्यामुळे सहज मिळतात. एक लोहचुंबक. स्लो-मोशन असलेला मोबाइल. द्रवांपैकी एरंडेल, गोडेतेल, साखर, मका-स्टार्च (दुकानात 'कॉर्नफ्लॉवर' म्हणून मिळतो तो) आणि शाम्पू.

सगळे द्रव आणि उपकरणं आदल्या रात्री एकाच खोलीत ठेवा. फ्रीजमधून काढलेलं तेल आणि उन्हात तापलेली सिरिंज यांतून काहीच हाती लागत नाही. पंखा बंद ठेवा.

खोबरेल तेल सुरुवातीला टाळा. ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. थंडीत बाटलीतून निघत नाही ते श्यानता वाढल्यामुळे नव्हे, तर त्यात घन स्फटिक तयार झाल्यामुळे. साखर बसलेल्या मधाचंही तेच. असा मध कोमट पाण्यात बाटली ठेवून पूर्ण पातळ झाल्याशिवाय मोजायला घेऊ नका.

पहिली पायरी: उतारावर क्रम लावणं

काच टेबलावर ठेवून तिच्या एका टोकाखाली पुस्तकं लावा, टोक ५ सेंटिमीटर वर यायला हवं. वरच्या टोकाजवळ एक आडवी रेघ, तिच्यापासून २० सेंटिमीटरवर दुसरी. सिरिंजनं प्रत्येक द्रवाचा बरोबर १ मिलिलिटर वरच्या रेघेवर सोडा आणि पुढचं टोक खालच्या रेघेला लागेपर्यंतचा वेळ घ्या.

इथे आकड्याला अर्थ नाही, फक्त क्रमाला आहे. कारण उतारावरच्या थराचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. १ ऐवजी दीड मिलिलिटर सोडलात, थर जाड झाला, की तोच द्रव पातळ वाटेल. म्हणून चमच्यानं अंदाजे ओतू नका. पाणी कोरड्या काचेवर पसरत नाही, त्याचे गोळे होतात आणि कधी कधी मध्येच थांबतं. ते पृष्ठताणामुळे, श्यानतेशी त्याचा संबंध नाही. ही पायरी दहा मिनिटांत उरका आणि पुढे चला.

दुसरी पायरी: सिरिंजमधून वाहण्याचा वेळ

रंगाच्या कारखान्यात फोर्ड कप वापरतात. ठरावीक मापाचा कप, तळाला सुमारे ४ मिमीचं भोक, कप भरायचा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. आपल्याकडे बी-४ हा कप रूढ आहे आणि अशा कपांनी मोजण्याच्या पद्धतीसाठी भारतीय मानक संस्थेचं आयएस ३९४४ हे मानक आहे. त्याच तत्त्वावर सिरिंज चालते, आणि गोडेतेलासारख्या मध्यम द्रवाला ती फार चांगली लागू पडते.

१. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका. नळी टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं अगदी उभी बांधा. दोरीला नट बांधून ओळंबा करा आणि तपासा.

२. तोटीला बोट लावून १८ मिलिलिटरच्या खुणेच्या वर द्रव भरा. बुडबुडे वर येऊ द्या. तोटीत अडकलेला एक बुडबुडा अख्खं मोजमाप बिघडवतो, म्हणून आधी थोडा द्रव वाहू देऊन तोटी भरून घ्या.

३. बोट काढा. पृष्ठभाग १५ च्या खुणेवर आला की घड्याळ सुरू, ५ च्या खुणेवर आला की बंद. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबू नका. शेवटी द्रव थेंबाथेंबानं गळायला लागतो आणि तिथे पृष्ठताणाचं राज्य असतं.

४. तीन वेळा करा. तीन वेळांमध्ये तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढत बसू नका. कारण शोधा. बहुतेकदा बुडबुडा, तिरकी नळी किंवा आधीच्या द्रवाचा राहिलेला थर यांपैकी काहीतरी सापडतं.

५. लगेच द्रवाचं तापमान लिहा. खोलीचं नव्हे, द्रवाचं.

आता सेकंदांचं श्यानतेत रूपांतर करायचं. त्यासाठी ज्याची श्यानता आधीच माहीत आहे असा द्रव लागतो, आणि तो घरीच बनवता येतो: वजनानं ६० टक्के साखरेचा पाक. १५० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम पाणी वजन केलेल्या भांड्यात घ्या, झाकण ठेवून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच तापवा. गार झाल्यावर भांड्यासकट वजन करा आणि उडून गेलेलं पाणी घालून पाक बरोबर २५० ग्रॅम करा. ही शेवटची कृती वगळू नका. पाच-सात ग्रॅम पाणी उडालं तरी पाकाची श्यानता चांगलीच वाढते. बनवताना उकळू देऊ नका. मिठाईसाठी तार बघतात तितका आटवलेला पाक इथे चालत नाही, त्यात साखर किती आणि पाणी किती हे सांगता येत नाही.

या पाकाची श्यानता २० अंशांना सुमारे ५८ आणि ३० अंशांना सुमारे ३४ मिलिपास्कल-सेकंद असते. मधल्या तापमानासाठी सरळ रेषेनं अंदाज घेतला तर थोडी चूक होते, म्हणून या दोनपैकी एका तापमानाला काम करणं बरं. उन्हाळ्यात ३० अंश सहज मिळतात.

एक बारकावा. द्रव स्वतःच्या वजनानं वाहतो तेव्हा जड द्रवाला जास्त ढकल मिळते. त्यामुळे सिरिंज खरी श्यानता मोजत नाही, तर श्यानता भागिले घनता मोजते. याला गतिक श्यानता म्हणतात. एकक मिमी² प्रति सेकंद, जुनं नाव सेंटिस्टोक. पाकाची घनता सुमारे १.२८, म्हणून ३० अंशांना गतिक श्यानता ३४ ÷ १.२८ म्हणजे जवळपास २६.५.

समजा, पाकाला २० सेकंद लागले. २६.५ ÷ २० = १.३३ हा तुमच्या सिरिंजचा गुणक झाला. तिच्यावर तो मार्करनं लिहून ठेवा. त्याच सिरिंजमधून, त्याच खुणांमध्ये गोडेतेलाला ४२ सेकंद लागले तर गतिक श्यानता ४२ × १.३३ = ५६. तेलाची घनता ०.९१, म्हणून श्यानता ५६ × ०.९१, सुमारे ५१ मिलिपास्कल-सेकंद.

दुसऱ्या सिरिंजला हाच गुणक लावू नका. पॉइसयच्या नियमानं नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा भाग होतो. तोटी दिसायला सारखी असली तरी ५ टक्के बारीक निघाली, तर वेळ वीस टक्क्यांहून जास्त वाढतो. तोटीत वाळलेल्या पाकाचा पातळ थरही तेवढाच नडतो. गरम पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुढचा द्रव घ्या.

आता याच सिरिंजमधून पाणी सोडून बघा. काही सेकंदांत रिकामी होईल. गुणक लावून पाण्याची श्यानता काढलीत तर ती खऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त येईल. पाण्यात काही दोष नाही. इतक्या आखूड तोटीतून पातळ द्रव सुटतो तेव्हा त्याला अडवतं ते थरांचं घर्षण नसतं. वजनाची जवळपास सगळी ताकद पाण्याला वेग देण्यातच खर्च होते. म्हणून फोर्ड कपातही फार कमी सेकंदांचं वाचन धरत नाहीत. साधारण २० ते १०० सेकंदांत बसेल असा कप निवडतात. पाण्यासारख्या द्रवासाठी लांब आणि बारीक नळीच हवी.

तिसरी पायरी: पडणारा छर्रा

एरंडेल, ग्लिसरीन, मध अशा जाड आणि पारदर्शक द्रवांसाठी ही पद्धत सगळ्यांत खात्रीची. काकवीत छर्रा दिसत नाही, म्हणून ती इथे चालत नाही. १८५१ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवलं की सावकाश पडणारा गोळा थोड्याच वेळात स्थिर वेग गाठतो, आणि त्या वेगावरून श्यानता काढता येते:

श्यानता = २ × त्रिज्या² × (छर्ऱ्याची घनता − द्रवाची घनता) × ९.८१ ÷ (९ × वेग)

त्रिज्या मीटरमध्ये, घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात घ्या. उत्तर पास्कल-सेकंदात येतं, हजारानं गुणलं की मिलिपास्कल-सेकंद. पोलादी छर्ऱ्याची घनता ७,८०० धरा. द्रवाची घनता काढायला सिरिंजनं मोजून २० मिलिलिटर द्रवाचं वजन करा.

सिलिंडर एरंडेलानं भरा आणि दोन-तीन तास तसाच राहू द्या. ओतताना आत गेलेले बारीक बुडबुडे फार सावकाश वर येतात. पृष्ठभागापासून किमान ५ सेंटिमीटर खाली पहिलं रबरबँड, तिथून २० सेंटिमीटर खाली दुसरं, आणि दुसऱ्याच्या खाली तळापर्यंत आणखी चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. तेवढी उंची मिळत नसेल तर रबरबँडांमधलं अंतर कमी करा, वरखालची मोकळी जागा कमी करू नका.

छर्रा आधी त्याच तेलात बुडवून ओला करा. कोरडा छर्रा सोडला तर त्याला चिकटून हवेचा बुडबुडा खाली जातो आणि छर्रा हलका असल्यासारखा वागतो. चिमट्यानं छर्रा तेलाच्या पृष्ठभागाखाली नेऊन बरोबर मधोमध सोडा. भिंतीजवळून पडलेला प्रयत्न मोजू नका. मोबाइल रबरबँडच्या उंचीला आणून दोन्ही वेळा डोळा समोर राहील असं रेकॉर्डिंग करा. वरून तिरकं पाहिलं तर अंतरच चुकतं. छर्रे बाहेर काढायला चुंबक बाहेरून तळाशी लावून भिंतीवरून वर सरकवा, तेल ओतून रिकामं करायची गरज पडत नाही.

एक हिशेब करून पाहू. तापमान ३० अंश, सिलिंडरचा आतला व्यास ६० मिमी, छर्रा ३.१८ मिमी, तेलाची घनता ९५५. समजा, २० सेंटिमीटर अंतर २.९ सेकंदांत पार झालं. वेग ०.०६९ मीटर प्रति सेकंद. सूत्रात घातलं की श्यानता ५४५ मिलिपास्कल-सेकंद येते. खरा आकडा ४५० च्या आसपास असायला हवा, म्हणजे वीस टक्के जास्त. चूक कुठे झाली?

पहिलं कारण भिंत. स्टोक्सचं सूत्र अथांग द्रवासाठी आहे. सिलिंडरात छर्ऱ्यानं बाजूला सारलेलं तेल अरुंद जागेतून वर यावं लागतं आणि छर्रा मंदावतो. छर्ऱ्याचा व्यास भागिले सिलिंडरचा व्यास हे गुणोत्तर काढा, त्याला २.१ नं गुणा आणि १ मधून वजा करा. इथे ३.१८ ÷ ६० = ०.०५३, आणि दुरुस्ती ०.८९. मोजलेल्या वेगाला ०.८९ नं भागा: ०.०७७६. आता श्यानता ४८५. गुणोत्तर ०.१ असलं तर भिंत वेग २० टक्क्यांहून जास्त घटवते, म्हणून बारीक नळीत मोठा छर्रा टाकू नका. ही साधी दुरुस्ती ०.१ पर्यंतच्या गुणोत्तरालाच पुरते.

दुसरं कारण वेग. स्टोक्सचं सूत्र अगदी संथ प्रवाहासाठीच बरोबर आहे. ते तपासायला रेनॉल्ड्स अंक काढतात: घनता × वेग × व्यास ÷ श्यानता. इथे तो ०.४३ येतो. ०.१ च्या खाली असता तर सोडून दिलं असतं. १ च्या आत असला तर १ + (३/१६ × रेनॉल्ड्स अंक) यानं श्यानतेला भागायचं. इथे १.०८ नं भागून आकडा ४४९ वर येतो. रेनॉल्ड्स अंक १ च्या वर गेला तर लहान छर्रा घ्या किंवा पद्धत बदला. गोडेतेलात पोलादी छर्रा इतक्या वेगानं पडतो की हे सूत्र निरुपयोगी ठरतं. तिथे सिरिंजच बरी.

आता कोणती चूक किती महागात पडते ते बघा. मोबाइलनं सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपल्या तर वेळेतली चूक एक टक्क्याच्या आसपास. छर्ऱ्याचा व्यास ३ टक्के चुकला तर श्यानता ६ टक्के चुकते, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. आणि एरंडेलाचं तापमान एका अंशानं चुकलं तर सात-आठ टक्के. म्हणजे महागडा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही, थर्मामीटरकडे लक्ष द्या. सिलिंडर हातात धरून उभं राहिलं तरी हाताच्या उष्णतेनं भिंतीजवळचं तेल पातळ व्हायला लागतं. तो टेबलावरच राहू द्या.

ग्लिसरीन वापरणार असाल तर बाटली उघडी ठेवू नका. ते हवेतली वाफ ओढून घेतं आणि पाणी मिसळलं की श्यानता कोसळते. २० अंशांना शुद्ध ग्लिसरीन १,४०० च्या घरात. त्यात वजनानं ५ टक्के पाणी असलं की ५२० च्या आसपास, १० टक्के असलं की २२०. पावसाळ्यात कोकणात हे विशेष जाणवेल. औषधाच्या दुकानातल्या बाटलीचा आकडा कमी आला तर आधी पाण्याचा संशय घ्या, छर्ऱ्याचा नंतर.

चौथी पायरी: नियम न पाळणारे द्रव

१०० ग्रॅम कॉर्नफ्लॉवरमध्ये ८० मिलिलिटर पाणी थोडं थोडं घालत मिसळा. सावकाश ढवळलं तर पातळ, चमचा झटक्यानं हलवला तर घट्ट, असं व्हायला हवं. नुसतंच पातळ राहिलं तर कॉर्नफ्लॉवर एक-एक चमचा वाढवा. संथ हालचालीत कणांमध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि ते एकमेकांवरून सरकतात. झटका बसला की पाणी मधून निघून जायला वेळ न मिळता कण एकमेकांना भिडतात, घासतात आणि अडकतात. जोर वाढला की श्यानता वाढणारे द्रव असे थोडेच आहेत.

उलट्या स्वभावाचे मात्र पुष्कळ. केचप, भिंतीचा रंग, शाम्पू हे सगळे जोरात हलवले की पातळ होतात. रंग ब्रशखाली सहज पसरावा आणि भिंतीवर लागल्यावर ओघळू नये, यासाठी तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. टूथपेस्ट आणि केचप तर ठरावीक ताण ओलांडेपर्यंत हलतच नाहीत. उताराच्या काचेवर थोडं केचप ठेवा आणि काच हळूहळू उचला. ज्या कोनाला ते पहिल्यांदा हलतं, तो कोन लिहा. श्यानतेच्या आकड्यापेक्षा इथे तोच जास्त सांगतो. दह्याची गोष्ट आणखी वेगळी. एकदा घुसळलं की त्याची जाळी तुटते आणि ठेवून दिलं तरी पहिल्यासारखी पूर्ण जुळत नाही.

एखादा द्रव कोणत्या गटातला हे कसं ओळखायचं? दोन मापांचे छर्रे त्यासाठीच घेतले. न्यूटनीय द्रवात वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून ५/३२ इंचाचा छर्रा १/८ च्या सुमारे १.५६ पट वेगानं पडायला हवा. भिंतीच्या आणि रेनॉल्ड्सच्या दुरुस्तीनंतर एरंडेलात हा आकडा मिळतो. पारदर्शक शाम्पूत मोठा छर्रा याहून ठळकपणे वेगानं पडला, तर शाम्पू ताणाखाली पातळ होतोय. अशा द्रवाचा एकच आकडा लिहू नका. कोणत्या छर्ऱ्यानं कोणता आला, ते दोन्ही लिहा. फोर्ड कपातले सेकंद असे रंग एकमेकांशी ताडून पाहायला उपयोगी असतात, पण त्यावरून काढलेली श्यानता खरी धरू नये.

इंजिन ऑइलच्या डब्यावरचे आकडे

२०डब्ल्यू-४० मधला ४० हा श्यानतेचा आकडा नाही, ती श्रेणी आहे. अमेरिकन वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या, एसएईच्या, जे-३०० या मानकात ४० श्रेणीच्या तेलाची गतिक श्यानता १०० अंशांना १२.५ ते १६.३ च्या मध्ये असावी लागते. ३० श्रेणीची ९.३ ते १२.५, आणि ५० ची १६.३ ते २१.९. हे तापलेल्या इंजिनचं वागणं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. २०डब्ल्यू तेल उणे १५ अंशांना आणि १०डब्ल्यू उणे २५ अंशांना इंजिन फिरवू देण्याइतकं पातळ राहतं की नाही, याची ती परीक्षा. त्यामुळे "४० म्हणजे ३० पेक्षा चांगलं" हा समज चुकीचा आहे. जास्त जाड तेल बारीक फटींत पोचायला वेळ लावतं आणि इंजिनाची ताकद घुसळण्यात खाऊन टाकतं. जास्त पातळ तेल तापल्यावर धातूंमध्ये पुरेसा थर टिकवत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली श्रेणीच घाला.

नवीन तेल सिरिंजनं मोजायचं असेल तर खोलीच्या तापमानालाच मोजा. ४० श्रेणीचं तेल ३० अंशांना शंभराच्या बरंच वर जातं, म्हणून वेळही मिनिटांत लागेल. १०० अंशांना तापवून घरी मोजायचा प्रयत्न करू नका, गरम तेल सिरिंजमधून निसटतं आणि भाजतं. वापरलेलं काळं तेल हातमोजे घालूनच हाताळा आणि गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये द्या.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक मोजमापाच्या ओळीत हे असावं: द्रव आणि बाटली कधी उघडली, द्रवाचं तापमान सुरुवातीला आणि शेवटी, पद्धत, सिरिंजचा क्रमांक किंवा छर्ऱ्याचं माप, तिन्ही वेळा, आणि काढलेला आकडा एककासह. सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान अर्ध्या अंशाहून जास्त वेगळं असेल तर ती ओळ खोडा आणि द्रव स्थिरावल्यावर पुन्हा घ्या. उत्तर ४४९.३७ असं लिहू नका. घरच्या साधनांनी दुसऱ्या अंकापर्यंतच भरवसा असतो, ४५० पुरे.

काम झालं की छर्रे साबणाच्या पाण्यानं धुऊन लगेच पुसा आणि थेंबभर तेलात ठेवा. गंजलेल्या छर्ऱ्याचा व्यासही बदलतो आणि पृष्ठभागही. एरंडेल गाळून बाटलीत परत भरा, ते पुन्हा मोजायला चालतं, पोटात घ्यायला नाही. बाटलीवर तशी चिठ्ठी लावा.